भिंतीला न टेकणारी भिंत

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने बोटातली अंगठी लाकडावर दोनदा वाजवली आणि ती उठून उभी राहिली. त्याने कुणाला बोलावलं नव्हतं. वाट बघून कंटाळलेला माणूस जांभई देतो तशी त्याने अंगठी वाजवली होती. पण टक्-टक् झालं आणि तिचे गुडघे, जे एरवी उठायचं म्हटलं की दहा सबबी सांगतात, ते एका दमात सरळ झाले. एवढंच नाही, तर उजवा हात पुढे गेला, शेगडीच्या बटणाकडे जातो तसा, आणि डोळ्यांत औषध घातल्यामुळे धुरकट झालेल्या त्या खोलीत शेगडी नाहीच, हे कळेपर्यंत तसाच हवेत राहिला. "मावशी, वेळ आहे अजून, बसा," औषध घालणारी मुलगी म्हणाली. बाकावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांच्याही डोळ्यांत औषध होतं, म्हणजे त्यांना ती धड दिसत नसणार, तेवढंच काय ते नशीब. ती बसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अंगठीवाला पुन्हा छताकडे बघत होता. आपण आत्ता एका अडुसष्ट वर्षांच्या बाईला चहा ठेवायला उठवलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दोन म्हणजे चहा. एक म्हणजे पाणी. तीन म्हणजे इकडे ये. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला हे सांगितलं होतं, मीठ कुठे, साखर कुठे हे दाखवतात तितक्या सहज. "आपल्या घरात आवाज चढत नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. शेजारच्या बायका पोरांच्या नावाने गच्चीवरून बोंब ठोकत, पुरुष जिन्यातूनच हाका मारत वर येत. या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. भिंतीवर वाजवायचं. सासूबाई शिवणकाम करायच्या, त्यांच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून पितळी अंगुस्ताना असे, आणि त्याचा ठोका भिंतीतून असा यायचा की कुठल्याही खोलीत असा, तो थेट तुमच्या पाठीच्या कण्यालाच लागायचा. तेव्हा तिला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. तिच्या माहेरी बाप ओरडायचा. ओरडणाऱ्या घरातून टकटकणाऱ्या घरात आलेल्या मुलीला वाटलं, आपण एक पायरी वर चढलो. ही टकटक आपल्या बाजूनेही करायची असते का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. पुढे सुचलं, तोवर उत्तर कळून चुकलं होतं.

मग सासूबाईंची डावी बाजू गेली. उजवा हात राहिला आणि उजव्या हातातला अंगुस्ताना राहिला. अकरा वर्षं. त्यांचा पलंग भिंतीला लागून होता, भिंतीच्या पलीकडे ती आणि शाळकरी मुलगी, आणि दिवसातून किती वेळा टक् झालं हे सांगायला कुणी बसलं तर सांगणारा आधी म्हातारा होईल. शेवटच्या दोन वर्षांत मोजही राहिली नाही. नुसतंच टक्-टक्-टक्-टक्, पत्र्यावर मुरमाड खडी सांडावी तसं. एकदा ती हाताला साबण तसाच घेऊन धावत गेली, तर सासूबाई शांत पडलेल्या. "काही नाही गं," त्या म्हणाल्या, "तू आहेस का ते पाहिलं." त्या एका वाक्यावर तिने पुढची कितीतरी वर्षं काढली. बिचाऱ्या, एकट्या, घाबरत असतील. ते खरंही होतं. पण आता, दवाखान्याच्या बाकावर कान तापवून बसलेली असताना, तिला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. तू आहेस का. म्हणजे असणारच होते ना मी. जाणार कुठे होते? बादली जागेवर आहे का बघावं, तसं.

आणि शेवटचा दिवस. त्या सकाळी भिंत गप्प होती. तिने दोनदा कान टवकारला, मग ठरवलं, झोपल्या असतील, आणि कितीतरी वर्षांनी चहा गरम असताना प्यायली. पूर्ण कप. खिडकीशी उभं राहून. दुपारी जेवण घेऊन गेली तेव्हा सासूबाईंचा हात गार होता आणि अंगुस्ताना बोटातून निसटून चादरीत पडला होता. त्या चहाबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, मुलीलाही नाही. चहा चांगला झाला होता, हे तर स्वतःलाही सांगितलं नाही.

तेरा दिवसही झाले नसतील. नवऱ्याने आपलं अंथरूण आईच्या खोलीत हलवलं. तिथे ऊन छान येतं म्हणाला. आईचा फोटो मात्र उन्हाने विटेल म्हणून भिंतीच्या अलीकडे, बायकोच्या खोलीत लावला. आणि एके दुपारी ती पुस्तक घेऊन पडलेली असताना भिंतीतून आलं: टक्-टक्. तोच पितळेचा आवाज. तिच्या अंगावर काटा आला. मग तिच्या ध्यानात आलं की अंगुस्ताना त्याने बोटात घातलाय. ती उठली आणि तिने चहा ठेवला. त्याला आता बारा वर्षं झाली. तो वाईट माणूस नव्हता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने आयुष्य काढलं. एका बटणाने अर्ध्या शहराला पाणी सुटतं हे ज्याने रोज पाहिलंय, त्याला भिंतीवर दोनदा वाजवलं की चहा येतो यात नवल काय वाटणार.

दवाखान्यातून ती बसने नाही, चालत निघाली. डोळ्यांत इतका उजेड घुसत होता की रस्ता सगळा धुतल्यासारखा पांढरा. आपण दोन टकटकींवर उठतो, हे घरापुरतं होतं तोवर त्याला संसार म्हणता येत होतं. पण परक्या माणसाच्या अंगठीवर? उद्या सुतार खिळा ठोकेल, तिथे उठशील का? परवा कुणी गाडीच्या टपावर टपली मारली तर? ती स्वतःशी इतकं तावातावाने बोलत होती की समोरून येणाऱ्या बाईने वाट दिली. आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर, औषधाने फुगलेल्या अक्षरांत, तिने वाचलं: आवाजबंद खोल्या करून मिळतील. ते दुकान तिथे कैक वर्षं असणार. ती आत शिरली.

आत एक चाळिशीचा माणूस राखाडी कापसाची जाड चौकोनी चटई सुरीने कापत होता. त्याला सगळे बोर्डवाला म्हणत, कारण भिंतीवर जिप्समचे बोर्ड चढवणं हाच त्याचा धंदा. गाणं-वाजवणं शिकणारे लोक त्याच्याकडे येत, आपला आवाज शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून. तिने सांगितलं, मला आवाज बाहेर जायला नको असं नाही, आत यायला नको. कसला आवाज, त्याने विचारलं. टीव्ही? घोरणं? तिने त्याच्या टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. बोर्डवाल्याने सुरी खाली ठेवली. "मग काम अवघड आहे, काकू," तो म्हणाला. "बोलणं हवेतून येतं, ते अडवता येतं. ठोका हवेतून येत नाही. ठोक्याला भिंतच बोलते." मग त्याने कागदावर रेघा मारून दाखवलं. जुन्या भिंतीसमोर चार बोटं जागा सोडून नवी भिंत उभी करायची, खाली-वर रबराची पट्टी, पोकळीत हा कापूस, त्यावर दोन थर बोर्ड, कडेच्या फटी बुजवायला मऊ लांबी. पण नवी भिंत जुनीला कुठेही टेकता कामा नये. एक खिळा जरी टेकला तरी सगळं मुसळ केरात. भिंतीला न टेकणारी भिंत. तिला ते इतकं आवडलं की तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून न टेकणं हे तिला कुणी करून देईल, असं वाटलं नव्हतं.

ठोक्याला काय बोलतं, हे तिला शिकवायला नको होतं. सासूबाई धडधाकट होत्या तोवर ती कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून आलेले कप पाटावर रांगेने यायचे. कान धरून कप उचलायचा आणि काठावर लाकडी कांडी अलगद मारायची. चांगला कप खणखणीत उत्तर द्यायचा. ज्याच्या पोटात डोळ्याला न दिसणारी चीर आहे तो बद्द बोलायचा. तिचा कान असा की हातातल्या कपाबरोबर शेजारणीच्या हातातलाही तिला कळायचा. कारखान्यात तिला सगळे टिचकी म्हणत, साहेबसुद्धा. आणि नियम असा होता की बद्द कप तिथल्या तिथे पिंपात फोडायचा, बाजूला ठेवायचा नाही. बाजूला ठेवला की कुणाला तरी दया येते, कुणीतरी तो घरी नेतं, आणि एक दिवस उकळत्या चहासकट तो हातात दुभंगतो. तिने हजारो कप ऐकले आणि फोडले. मग संध्याकाळी घरी येऊन ती भिंत ऐकायची, आणि ती बद्द आहे की खणखणीत हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा कपडे वाळत घालायच्या दोरीची गाठ सोडवत होता. त्याला आधी वाटलं ओल आलीय. मग कळलं तेव्हा तो बराच वेळ गाठच सोडवत राहिला. "म्हणजे मी हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही," तो म्हणाला.

"तुम्ही हाक कधी मारलीत?"

तो दोरी तशीच टाकून आत गेला. लेकीला फोन केला आणि सांगितलं की तुझ्या आईने म्हातारपणी माझ्याशी भिंत घातलीय. लेक सुट्टी टाकून आली. तिने आधी हसून पाहिलं, मग रागावून. लोक म्हातारपणी भिंती पाडून खोल्या जोडतात आणि तू ही कसली थेरं काढलीस, म्हणाली. चार इंच खोली कमी होईल, कपाट कुठे ठेवशील? कपाट विकलं, आईने सांगितलं. मग लेकीने खरा प्रश्न काढला, जो तिने दारातून आत आल्यापासून तोंडात धरून ठेवला होता. "अगं आई, तू आत पडलीस तर कळणार कसं? आणि बाबांना काही झालं, त्यांनी वाजवलं आणि तुला ऐकूच आलं नाही तर?" ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. खिडकीशी उभं राहून प्यालेला तो कप. गार हात. भिंत गप्प होती म्हणून ती सुखावली होती आणि पलीकडे माणूस संपलं होतं. आता ती मुद्दाम, कारागीर लावून, तीच शांतता विकत घेत होती. तिच्या जिभेवर आलं, राहू दे, नको. जीभ त्याला सरावलेली होती, नको म्हणायला कधीच वेळ लावायची नाही. पण ती म्हणाली, "आजीला काही झालं तेव्हा भिंत होती, अंगुस्ताना होता, मी पलीकडे होते. काय कळलं? माणूस जिवंत आहे की नाही हे बघायला उठून जावं लागतं. मी जाईन. ते येतील. भिंतीला कशाला मध्ये घालता?" लेक पर्स उचलताना म्हणाली, "तू आधीपासून अशी होतीस की आत्ता झालीस?" त्या प्रश्नाने आईला दोन दिवस गुदगुल्या केल्या.

बोर्डवाला चार दिवस आला. ती खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसायची आणि बघायची. फोटो त्यानेच काढून तिच्या पलंगावर ठेवला होता. सासूबाई उताण्या पडून छताकडे बघत होत्या, अकरा वर्षं बघत होत्या तशाच. रबराची पट्टी बसली, चौकट उभी राहिली, पोकळीत राखाडी कापूस भरला. तो अंगाला खाजतो म्हणून बोर्डवाल्याने बाही खाली ओढली आणि काकू लांब बसा म्हणाला; ती बसली नाही. प्रत्येक स्क्रू तो आधी बोटाच्या पेराशी लावून बघायचा. माझ्या कामात आखूड स्क्रूच चालतो, म्हणाला, लांब स्क्रू म्हणजे फितूर. नवरा रोज दुपारी एकदा दारात येऊन उभा राहायचा, काम कसं चाललंय ते बघायचा, पट्टी सरळ नाही अशी एखादी खोच मारायचा, आणि जायचा. त्या चार दिवसांत त्याने भिंतीवर एकदाही वाजवलं नाही. मजा म्हणजे दुपारी तीन वाजले की तिला उठावंसं वाटायचं. ती खुर्चीचे हात धरून बसायची, गाडी सुटायच्या वेळी फलाटावरचा माणूस खांब धरतो तशी.

चौथ्या दिवशी दुपारी ती भाजी आणायला गेली होती आणि बोर्डवाला डबा खायला गेला होता. ती परतली तेव्हा भिंत पूर्ण झाली होती, लांबी वाळत होती, आणि फोटो त्याच जागी, त्याच उंचीवर लागला होता. तिला वाटलं बोर्डवाल्याने लावला; बोर्डवाला आला, त्याला वाटलं काकूंनी लावला असेल. त्याने नवऱ्याला सांगितलं, काका, पलीकडून वाजवा. नवरा गेला. खोलीत ती आणि बोर्डवाला. थोड्या वेळाने बोर्डवाला समाधानाने म्हणाला, "बघा, काही नाही."

"वाजवलं त्यांनी," ती म्हणाली. "दोनदा."

बोर्डवाल्याने कान लावला. पुन्हा वाजवायला सांगून आला. त्याला काही ऐकू आलं नाही. तिला आलं, लांबून, पाण्याखालून आल्यासारखं, पण तेच. बोर्डवाला समजुतीच्या सुरात म्हणाला की काकू, इतक्या वर्षांचं आहे, कानात बसलंय ते. त्याला भिंत नाही पुरायची. तिचे गुडघे पुन्हा उठायला निघाले होते. दवाखान्याचा बाक डोळ्यांपुढे आला. असेलही, हा आवाज आता घरात नाही, डोक्यातच असेल, आणि डोक्यात कापूस भरणारा कारागीर कोण देणार? तो क्षण वाईट होता. चूप बसून लिंबू-सरबत करावं, बोर्डवाल्याला धन्यवाद द्यावेत आणि उरलेलं आयुष्य सगळ्यांना हो, छान झालं म्हणावं, इतका वाईट. मग तिच्यातली टिचकी उठली. साहेब म्हणो की हा कप चांगला दिसतोय. दिसतोय ना, मग डोळ्याने चहा प्या. तिने ट्रंकेतून कारखान्यातली कांडी काढली, गोल डोक्याची, तळव्याच्या घामाने काळी झालेली, आणि नव्या भिंतीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. टप्. टप्. टप्. भिंत पोकळ, एकसारखी, आळशी उत्तरं देत होती. एक वीत पुढे. टप्. बोर्डवाला हाताची घडी घालून बघत होता. आधी गंमत म्हणून, मग नाही. ती फोटोपाशी आली. चौकटीच्या खाली कांडी मारली आणि हात थांबला. पुन्हा मारली. इथला आवाज घट्ट होता, दात लागावा तसा.

"इथे टेकलीय," ती म्हणाली.

माझा एकही स्क्रू तिथे नाही, बोर्डवाला म्हणाला, आणि मग दोघांनी एकदमच वर फोटोकडे पाहिलं. त्याने फोटो उतरवला. मागे जाडजूड स्क्रू होता. पान्याने पिळायला लागला तर तो येतच राहिला, येतच राहिला, आणि पूर्ण बाहेर आला तेव्हा अर्ध्या वितीहून लांब होता. टोकाच्या आट्यांत लाल विटेचा भुगा भरला होता. जुन्या भिंतीची वीट. नवरा दारात येऊन उभा होता. पंपघरातून आणलेल्या डब्यात असे स्क्रू होते, पाइप धरायचे. "नव्या बोर्डाचा काय भरवसा," तो म्हणाला, "आई पडू नये म्हणून लांबचा घेतला." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे तिला कळलं, आणि त्यानेच तिला जास्त संताप आला. लबाडी असती तर भांडता आलं असतं. त्याने फोटो छातीशी धरला. मग आता ही कुठे लावायची, असं त्याने विचारलं, आणि विचारताना बघत होता भिंतीकडे.

"तुमच्या खोलीत."

"ऊन लागतं तिथे. आणि ती इथेच असायची."

"त्या इथे कधीच नव्हत्या," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. या घरात पहिल्यांदा चढला, आणि छत काही कोसळलं नाही. "त्या पलीकडे होत्या. इकडे नुसती टकटक होती. त्या तुमच्या आई आहेत, न्या त्यांना. उन्हाला पडदा लावा. आणि जाऊन वाजवा आता, काय वाजवायचं ते."

बोर्डवाल्याने भोकात कापूस ठासला, वर मऊ लांबी भरली, बोटाने सारखी केली आणि तिला न विचारता बाहेर होऊन दार ओढून घेतलं, दाराखालची रबरी पट्टी फरशीला नीट बसली की नाही ते पाहत. ती कांडी हातात धरून खुर्चीवर बसली. काही आलं नाही. ती थांबली. अजून काही आलं नाही. आणि मग ती भीती आली, यायचीच होती ती, गार हाताची आणि चादरीत पडलेल्या अंगुस्तान्याची. ती आली आणि खोलीच्या मध्यावर उभी राहिली. तिने तिला उभं राहू दिलं. बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाहेरून पोरांचा चेंडू कुठेतरी आपटला, नळ ठिबकला, तिचा स्वतःचा श्वास आत गेला, बाहेर आला, आणि तिला आठवलं की तो चहा चांगला झाला होता. फार चांगला. सासूबाईंच्या मरणाशी त्या चहाचं काही देणंघेणं नव्हतं. तिने कांडी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हलकेच मारली. खण्ण.

बोर्डवाला पलीकडच्या खोलीत बघून आला. दार जेमतेम फटीएवढं उघडून त्याने डोकं आत घातलं. त्याच्या चेहऱ्यावर आपल्या कामाचा आनंद होता आणि थोडी पंचाईतही.

"काकू, काका अजून वाजवताहेत. एक, दोन, तीन, सगळं करून झालं, आता नुसतेच वाजवत बसलेत. थांबायला सांगू का?"

"कशाला?" ती म्हणाली. "हात दुखला की थांबतील. मग येतील दारापर्यंत. कडी नाही लावलेली." आणि तिने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.